क्लाउनफिश अ‍ॅनिमोनमध्ये जात नाही? आधी अ‍ॅनिमोनची तब्येत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १२० लिटरची सागरी टाकी सुरू करून अडीच महिने झाले. त्यात ओसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्यासाठी एक समुद्रफूल, म्हणजे बबल-टिप अ‍ॅनिमोन आणला. आल्यापासून तो जागा बदलतोय आणि सध्या मागच्या काचेला, दगडाच्या सावलीत चिकटून बसलाय. त्याचा रंग फिकट पांढुरका आहे. रोज संध्याकाळी तो आक्रसून मुठीएवढा होतो. मासे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि हीटरच्या कोपऱ्यात झोपतात. मोठा कार्पेट अ‍ॅनिमोन आणला तर मासे त्यात जातील का, असं तुम्ही विचारलंय.

कार्पेट आणू नका. कारणं पुढे सांगते, पण आधी प्रश्नाची दिशा थोडी बदलते. तुमचे मासे ठणठणीत आहेत. अडचणीत आहे तो अ‍ॅनिमोन. आपल्या मनात हे चित्र नेहमी माशापासून सुरू होतं, अ‍ॅनिमोन म्हणजे त्याचं घर, असं आपण धरून चालतो आणि घर सामानासारखं विकत आणतो. पण अ‍ॅनिमोन हा प्राणी आहे. या दोघांत नाजूक तोच, खर्चिक तोच आणि नीट सांभाळला तर माशापेक्षा जास्त जगणाराही बहुधा तोच. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक अ‍ॅनिमोन एडिंबरात काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला. ती थंड पाण्यातली वेगळी जात होती, तिचा क्लाउनफिशशी संबंध नाही. पण हे प्राणी किती काळ जगू शकतात याचा अंदाज त्यावरून येतो. टाकी अ‍ॅनिमोनच्या गरजेप्रमाणे लावली तर क्लाउनफिश त्यात आपोआप निभावतो. माशाच्या गरजेप्रमाणे लावलेल्या टाकीत अ‍ॅनिमोन मात्र बहुतेक वेळा निभावत नाही.

माशांचा मुद्दा आधी संपवू. समुद्रात क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन लागतोच, कारण तो पोहण्यात कच्चा असतो आणि उघड्यावर सापडला तर मोठे मासे त्याला गिळतात. घरच्या टाकीत गिळणारं कोणी नसतं, त्यामुळे अ‍ॅनिमोनशिवाय तो वर्षानुवर्षं आनंदात राहतो, अंडीही घालतो. शिवाय दुकानात मिळणारे बरेचसे ओसेलारिस टाकीतच जन्मलेले असतात. त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनीही कदाचित अ‍ॅनिमोन कधी पाहिलेला नसतो.

दुसरं म्हणजे जातीची जोडी. जगात अ‍ॅनिमोनच्या हजाराहून अधिक जाती आहेत, पण क्लाउनफिशला थारा देणाऱ्या जेमतेम दहा. त्यांतही प्रत्येक क्लाउनफिशची आवड वेगळी. क्लार्की या दहांपैकी कशातही राहतो. मरून क्लाउनफिश निसर्गात फक्त बबल-टिपमध्ये राहतो. आणि तुमचा ओसेलारिस समुद्रात मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय या तिघांत सापडतो, बबल-टिपमध्ये नाही. टाकीत मात्र बरेच ओसेलारिस बबल-टिप स्वीकारतात. कोणी तासाभरात, कोणी काही महिन्यांनी, कोणी कधीच नाही. माझ्याकडे एकाच वेळी आणलेल्या माशांपैकी काही लगेच आत गेले आणि काही कोरलच्या झुबक्यातच रमले. हे कशावर ठरतं याचा मला पक्का नियम सापडलेला नाही. म्हणून जबरदस्ती करू नका. मासे आणि अ‍ॅनिमोन एका जाळीच्या डब्यात कोंडणं किंवा जाळीने माशाला त्याच्यावर ढकलणं यातून दोघांनाही ताणाशिवाय काही मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमचे मासे सध्या आत जात नाहीत हे फार बरं आहे. क्लाउनफिश एकदा अ‍ॅनिमोनमध्ये शिरला की दिवसरात्र अंग घासतो, शुंडके (तोंडाभोवतीचे बोटांसारखे लवचिक अवयव) तोंडात धरून ओढतो, झोपतोही तिथेच. निरोगी आणि पुरेसा मोठा अ‍ॅनिमोन हे सहज सोसतो. अशक्त अ‍ॅनिमोन या धसमुसळेपणाने मिटतो आणि मिटलेलाच राहतो. मग त्याला ना उजेड मिळतो ना अन्न. माझा ठोकताळा असा की उमललेला अ‍ॅनिमोन मोठ्या माशाच्या लांबीच्या निदान तिप्पट रुंद असावा. तुमचा अजून तेवढा नाही.

एरवी या सहवासात अ‍ॅनिमोनचाही फायदा असतो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया त्याच्या शरीरातल्या शैवालाला खत म्हणून मिळतो. रात्री मासा शुंडकांत पर हलवत राहतो, त्यामुळे पाणी खेळतं राहतं आणि प्राणवायू पोचतो. अ‍ॅनिमोन कुरतडणाऱ्या बटरफ्लायफिशना तो हाकलतो. पण तुमच्या टाकीत बटरफ्लायफिश नाही, पाणी वेव्हमेकर फिरवतो आणि खत माशांच्या खाण्यातून मिळतंच. मासे आत गेले नाहीत म्हणून अ‍ॅनिमोन आजारी पडलेला नाही.

मग कशामुळे? तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा पहिला संशय रंगावर जातो. दुकानदाराने तुम्हाला हा त्याचा नैसर्गिक रंग आहे असं सांगितलं, ते मला पटत नाही. निरोगी बबल-टिप तपकिरी, हिरवट, गुलाबी किंवा लालसर असतो. हा तपकिरी पाया त्याच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली नावाच्या एकपेशीय शैवालामुळे येतो. हे शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅनिमोनला देतं. ताण पडला की, म्हणजे तापमान वाढलं, प्रवासात फार काळ अंधार झाला किंवा अचानक प्रखर उजेड पडला की अ‍ॅनिमोन हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन दुकानात फार देखणा दिसतो, निळ्या दिव्याखाली तर चमकतो. पण तो उपाशी असतो. भडक पिवळे किंवा जांभळे रंगवलेले अ‍ॅनिमोनही कधीकधी विकायला असतात, ते तर घेऊच नयेत.

उजेड कमी पडून अ‍ॅनिमोन अशक्त झाला असेल तर तो सहसा वर, दिव्याकडे चढतो. तुमचा सावलीत गेलाय. ब्लीच झालेल्या अ‍ॅनिमोनकडे उजेड पेलणारं शैवाल कमी असतं, त्यामुळे तुमचा दिवा त्याला सोसत नसावा. शैवाल गेलं म्हणजे जास्त उजेड द्यायला हवा, असं वाटणं साहजिक आहे, पण करायचं नेमकं उलट. दिव्याची तीव्रता उतरवा. पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) मिळाला तर त्याच्या जागेवर सुरुवातीला १०० च्या आसपास उजेड ठेवा आणि काही आठवड्यांत हळूहळू १५० ते २५० पर्यंत न्या. मीटर नसेल तर दिव्याची टक्केवारी निम्म्यावर आणा आणि दर आठवड्याला थोडीथोडी वाढवा. दिवसाला आठ-नऊ तास उजेड पुरे. रंग परतायला काही महिने लागतात आणि बदल रोज दिसत नाही. म्हणून एकाच कोनातून, एकाच दिव्याखाली दर पंधरवड्याला फोटो काढून ठेवा.

तोपर्यंत शैवालाकडून येणारं अन्न तुम्हाला भरून काढावं लागेल. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा कच्च्या कोळंबीचे अगदी बारीक तुकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढे, आठवड्यातून दोन-तीनदा द्या. वेव्हमेकर बंद करा, लांब चिमट्याने तुकडा शुंडकांना लावा आणि ती धरतात का बघा. चिकटून धरून तोंडाकडे नेला तर उत्तम. तुकडा नुसताच ओघळून पडला तर काढून घ्या, दोन दिवसांनी पुन्हा बघा. मोठा तुकडा देऊन काम लवकर होत नाही. तो गिळायला आणि पचवायला अ‍ॅनिमोनची शक्ती खर्च होते, आणि बहुतेक वेळा तो रात्री तसाच बाहेर टाकला जाऊन पाणी नासवतो. रंग परतला की आठवड्यातून एकदा खाणं भरपूर झालं.

आता टाकीचं वय. अ‍ॅनिमोनसाठी टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर जुनी हवी असं सगळेच सांगतात, पण का ते फारसं कोणी सांगत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला दोन महिनेही लागत नाहीत. म्हणून नव्या माणसाला वाटतं की टाकी तयार झाली. पण पहिल्या वर्षात दगडांवर एकामागून एक शेवाळाच्या लाटा येतात, नायट्रेट-फॉस्फेट वरखाली होतात आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसून पीएच टिकवण्याची क्षमता) हलत राहते. मासा हे सगळं सोसतो, कारण त्याच्याकडे रक्तातले क्षार आवरणारी मूत्रपिंडं आणि कल्ले आहेत. अ‍ॅनिमोनकडे असं काहीच नाही. त्याच्या शरीरातलं पाणी म्हणजे जवळपास टाकीतलंच पाणी. तेच आत भरून तो उमलतो आणि बाहेर सोडून मिटतो. बाहेर जे बदलतं ते त्याच्या पेशींना थेट भोगावं लागतं. टाकीच्या वयापेक्षाही मोठा प्रश्न असतो तो सांभाळणाऱ्याच्या सवयीचा. पाणी स्थिर ठेवायचा हात बसायला तेवढे महिने लागतात. म्हणून ज्याच्याकडे आधीची चालती टाकी आहे आणि त्यातलेच दगड त्याने नव्या टाकीत हलवलेत, त्याला मी सहा महिने थांब असं म्हणत नाही.

स्थिरतेत पहिला नंबर क्षारतेचा. तुमच्या टाकीत दगड आणि वाळू सोडून साधारण १०० लिटर पाणी असेल. पंखा किंवा उघडं झाकण असेल तर दिवसाला दीड लिटर सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर ३५ पीपीटीची (दर हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता साडेछत्तीसच्या वर जाते. मग तुम्ही एकदम साडेचार लिटर गोडं पाणी ओतता आणि ती तासाभरात खाली येते. मासा या उताराकडे दुर्लक्ष करतो, अ‍ॅनिमोन मात्र दर वेळी मिटतो. तुमचा संध्याकाळी आक्रसतो म्हणालात. तुम्ही पाण्याची भर संध्याकाळी कामावरून आल्यावर घालता का, हे एकदा तपासा. भर नेहमी आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याची, रोज आणि थोडीथोडी घालावी. तरंगत्या बटणावर चालणारा स्वयंचलित टॉप-अप बसवलात तर फारच चांगलं. माझ्या मते अ‍ॅनिमोनसाठी स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) आधी खरेदी करावी अशी ही वस्तू आहे.

बाकीचे आकडे भराभर सांगते. तापमान २५ ते २६ अंश, उन्हाळ्यात २८ च्या वर जाऊ देऊ नका. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तेही नीट कॅलिब्रेट केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर). अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच आणि आठवडाभर जवळपास तीच. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया-नायट्राइट शून्य. नायट्रेट ५ ते १० पीपीएम असू द्या. ते शून्यावर नेण्याचा अट्टहास नको, शैवालाला नायट्रोजन लागतोच आणि ब्लीच झालेल्या अ‍ॅनिमोनला तर जास्तच. तांबं अजिबात नको. मासे आजारी पडले आणि तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर मासे वेगळ्या टाकीत हलवा. मुख्य टाकीत पडलेलं तांबं दगड-वाळूत मुरतं आणि अपृष्ठवंशी प्राण्यांना ते घातक असतं. जुनी टाकी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे आवर्जून विचारा.

त्याचं भटकणं हा तुमच्या टाकीतला सगळ्यात तातडीचा धोका आहे. बबल-टिप आपला पाय (तळाचा चिकटणारा भाग) दगडाच्या खोल फटीत घट्ट रोवतो आणि वरचा भाग उजेडात पसरतो. त्याला पायाला अंधार, अंगाला उजेड आणि मध्यम, एका दिशेने न आदळणारा प्रवाह लागतो. हे तिन्ही एका जागी मिळेपर्यंत तो सरकत राहतो. म्हणजे सरकणं हा आजार नाही, ते त्याचं जागा शोधणं आहे. पण रात्री सरकता सरकता तो वेव्हमेकरच्या जाळीपाशी पोचला तर आत खेचला जाऊन चिंधड्या होतात. मग त्या उतींतली दंशपेशींची द्रव्यं आणि सडणारं मांस मिळून माशांसकट सगळी टाकी संपू शकते. त्यामुळे आज रात्रीच्या आत वेव्हमेकर आणि पंपाच्या प्रत्येक तोंडाला स्पंज किंवा बारीक जाळीचं आवरण लावा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो, त्याला इलाज नाही. हीटरलाही प्लॅस्टिकची जाळी हवी, कारण गरम नळीला चिकटलेला अ‍ॅनिमोन भाजतो.

काचेवरून त्याला ओढून काढू नका. पाय फाटला की जंतुसंसर्ग होतो आणि फाटलेला पाय हे अ‍ॅनिमोन मरण्याचं फार नेहमीचं कारण आहे. हलवायचाच असेल तर त्याच्यावर छोट्या पंपाचा झोत सोडून त्यालाच नकोसं वाटेल असं करा, किंवा कडेने बोटाच्या पेराने मिलिमीटर-मिलिमीटर सुटू द्या. हातमोजे घाला. बबल-टिपचा डंख बहुतेकांना जाणवतही नाही, पण काहींना त्याने पुरळ उठतं, आणि हात डोळ्याला लागला तर त्रास होतो. तुमच्या बाबतीत मी तर तो आहे तिथेच ठेवेन आणि दिवा उतरवेन. टाकीत एखादा दगड असा लावून बघा की वरच्या मधल्या थरात दोन-तीन इंच खोल फट तयार होईल. पाणी सुधारलं की तो स्वतः तिथे जाण्याची शक्यता चांगली असते. त्याच्या वाटेत कोरल ठेवू नका, जिथून जाईल तिथे डंख मारत जाईल.

आता संध्याकाळच्या आक्रसण्याबद्दल. दिवसातून एकदा मिटून, तपकिरी धाग्यांसारखी घाण टाकून तासा-दोन तासांत पुन्हा उमलणं नेहमीचं आहे. अ‍ॅनिमोनला तोंड एकच, खाणंही तिथून आणि टाकणंही तिथून, त्यामुळे आतलं पाणी बदलायला त्याला सगळं रिकामं करावं लागतं. काळजी करायची ती तोंडाकडे बघून. तोंड आवळलेलं असेल तर वाट बघा. तोंड सैल लोंबतंय, आतला भाग बाहेर आलाय, दिवसभर उमललेलाच नाही, पाय कशालाच चिकटत नाही, अशी लक्षणं एकत्र दिसली तर तो संपत आलाय. अंगाचे लगदे सुटायला लागले किंवा बाहेर काढल्यावर कुजका वास आला तर लगेच काढून टाका, पाणी बदला आणि फिल्टरमध्ये पाणी शुद्ध करणारा कार्बन घाला. छोट्या टाकीत एका रात्रीचा उशीरही महागात पडतो. टोकांवरचे फुगे गेले म्हणून मात्र घाबरू नका. निरोगी बबल-टिपचीही शुंडके कित्येकदा लांब आणि सरळ राहतात.

आता कार्पेट का नको ते. कार्पेट म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकी जायगँटिया आणि मर्टेन्साय या ओसेलारिसच्या नैसर्गिक जोडीच्या जाती आहेत हे खरं. पण मर्टेन्साय मीटरभर पसरतो, तुमची टाकी तेवढी लांबही नसेल. जायगँटिया प्रवासात फार हाल सोसून येतो आणि अनुभवी माणसाकडेही पहिल्या काही आठवड्यांत मरतो. हॅडोनाय त्यातल्या त्यात चिवट, पण तो वाळूत बसतो, त्याचा डंख जोरदार आहे आणि अंगावरून जाणारा मासा तो खातो. आणि मूळ मुद्दा असा की जे पाणी बबल-टिपला मानवत नाही ते यांपैकी कोणालाही मानवणार नाही, कारण दहांपैकी टाकीत सगळ्यात सोपा बबल-टिपच आहे.

हा वाचला नाही तर पुन्हा आणताना समुद्रातून पकडलेला घेऊ नका. बबल-टिप स्वतःचे दोन तुकडे करून वाढतो, त्यामुळे टाकीतच विभागलेली पिल्लं इतर हौशी लोकांकडे मिळतात. ती टाकीच्या उजेडाला आणि पाण्याला सरावलेली असतात. घेताना पाय अखंड आहे का, तोंड बंद आहे का आणि रंग भरलेला आहे का बघा, आणि समोर एकदा खाऊ घालायला सांगा. कोंडिलॅक्टिस नावाचा स्वस्त अ‍ॅनिमोनही दुकानात असतो. तो अटलांटिक-कॅरिबियनमधला आहे, तिथे क्लाउनफिश नाहीतच, आणि त्या दहांत तो येत नाही.

पुढच्या चार आठवड्यांत नवा मासा, नवं कोरल, नवं औषध काहीही टाकीत घालू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही. मासे हीटरपाशी झोपतात त्याची चिंता सोडा. त्यांनी ती जागा आपली मानली आहे, इतकंच. अ‍ॅनिमोन रंगला आणि मोठा झाला की ते बहुधा स्वतःच शेपटीचं टोक लावून, मग पोट लावून, बिचकत बिचकत ओळख करून घेतील. तेव्हा जोडीतली मोठी, म्हणजे मादी, जास्त आक्रमक होते आणि टाकीत घातलेल्या हातालाही चावते.

मला अजून चार गोष्टी कळवा: दिव्याचा प्रकार आणि सध्याची टक्केवारी, सलग तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळची क्षारता, अल्कलिनिटीचा आकडा आणि पाणी कुठलं वापरता ते. सोबत पांढऱ्या दिव्याखाली काढलेला तोंडाचा आणि काचेच्या मागून पायाचा असे दोन फोटो टाका. निळ्या दिव्यातला फोटो नको, त्यात रंग समजत नाही.